निरोगी माणसाच्या तपासण्या

लक्षणे घेऊन आलेल्या माणसाचे निदान करणे आणि लक्षणे नसलेल्या माणसात रोग शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन आठवड्यांहून जुना खोकला, तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतर होणारा रक्तस्राव, कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करावी की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती लगेच करायची. प्रश्न उभा राहतो तो काहीच होत नसलेल्या माणसाच्या बाबतीत. त्याला डॉक्टरांच्या दारात दुखणे आणत नाही. जाहिरात आणते, कंपनीचे पत्र आणते, मुलांचा आग्रह आणतो किंवा सोसायटीच्या आवारातले शिबिर आणते. आजारी माणसावर उपचार करताना वैद्यक धोका पत्करते, कारण हात बांधून बसले तरी नुकसान ठरलेलेच असते. निरोगी माणसाच्या बाबतीत ही सवलत नाही. त्याचे काही बिघडले, तर ते तपासणीनेच बिघडवलेले असते.

म्हणूनच अशा चाळणी तपासण्यांसाठी पुराव्याची अट जास्त कडक असायला हवी. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयातील विल्सन आणि स्वीडनचे युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत दहा कसोट्या सांगितल्या. त्यांचा गाभा साधा आहे. रोग गंभीर असावा, तो लक्षणे दिसण्याआधी बराच काळ दबा धरून राहणारा असावा, त्या काळात तो ओळखणारी आणि लोकांना सोसवेल अशी चाचणी असावी, सापडलेल्यांसाठी उपचार उपलब्ध असावा, उपचार कोणाला द्यायचा हे आधीच ठरलेले असावे आणि हा सगळा खर्च इतर आरोग्यखर्चाच्या तुलनेत पटण्याजोगा असावा. अर्धशतक उलटून गेले तरी या कसोट्या शिळ्या झालेल्या नाहीत. शहरोशहरी विकल्या जाणाऱ्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या यादीला मात्र त्या क्वचितच कोणी लावून पाहतो.

याचे कारण एका समजुतीत आहे: रोग जितका लवकर सापडेल तितके चांगले. ही समजूत इतकी सरळ वाटते की तिला पुरावा मागणेच विचित्र ठरते. पण आकडे इथे तीन ठिकाणी फसवतात, आणि तिन्ही ठिकाणी ते तपासणीच्याच बाजूने फसवतात.

पहिली फसगत वेळेची. एखाद्या माणसाला ६७ व्या वर्षी कॅन्सरची लक्षणे दिसली आणि ७० व्या वर्षी तो गेला, असे धरू. निदानानंतर तो तीन वर्षे जगला. त्याच माणसाचा तोच कॅन्सर तपासणीत ६० व्या वर्षी सापडला आणि उपचारांचा काहीही उपयोग न होता तो ७० व्या वर्षीच गेला, तर निदानानंतरचे आयुष्य दहा वर्षे भरते. पाच वर्षे जगणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव झळकते. आयुष्य एका दिवसाने वाढलेले नाही. वाढला तो रुग्ण म्हणून जगण्याचा काळ. अमेरिकेतील राजकारणी रूडी जुलियानी यांनी २००७ मध्ये प्रचारात नेमका हाच घोळ घातला. प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आणि सरकारी आरोग्यसेवा असलेल्या इंग्लंडमध्ये ४४ टक्के, असे ते सांगत. प्रत्यक्षात लोकसंख्येच्या प्रमाणात या रोगाने होणारे मृत्यू दोन्ही देशांत जवळपास सारखे होते. अमेरिकेत रक्ताच्या पी.एस.ए. चाचणीने रोग खूप आधी आणि खूप जास्त माणसांत शोधला जात होता, एवढाच फरक. ‘पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण’ हा आकडा म्हणूनच तपासणीचे यश सांगायला निरुपयोगी आहे, आणि जाहिरातीत तोच सर्वाधिक दिसतो.

दुसरी फसगत रोगाच्या वेगाची. काही गाठी महिन्यांत वाढतात, काही दशके पडून राहतात. दिवसातून एकदाच एस.टी. स्टँडवर नजर टाकणाऱ्याला मुक्कामाची गाडी हमखास दिसते, दोन मिनिटे थांबून जाणारी जलद गाडी जवळपास कधीच दिसत नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचेही असेच होते. तिच्या हाती लागतात ते मुख्यतः संथ रोग, जे उशिरा सापडले असते तरी बहुधा आटोक्यात आले असते. जीवघेणे, वेगवान कॅन्सर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवतात आणि लक्षणांनिशीच समोर येतात. मग तपासणीत सापडलेल्यांची प्रकृती लक्षणांनी सापडलेल्यांपेक्षा चांगली दिसणारच. श्रेय मात्र तपासणी घेऊन जाते.

तिसरी फसगत सर्वांत गंभीर आहे, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण कोरियात घडले. तिथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइड त्यात नव्हता. पण तपासणीसाठी आलेल्यांना रुग्णालये थोडे पैसे जास्त घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागली. वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही, पाच-दहा मिनिटांचे काम. नको म्हणायला कारण नव्हते. १९९३ ते २०११ या काळात कोरियातले थायरॉइड कॅन्सरचे प्रमाण पंधरा पटींनी वाढले. २०११ या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना हे निदान मिळाले आणि थायरॉइड हा त्या देशातला सर्वाधिक आढळणारा कॅन्सर ठरला. त्याच काळात या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र वर्षाला तीन-चारशेच्या घरातच राहिली. खरोखर साथ आली असती तर मृत्यू वाढले असते. तपासणीने जीव वाचवले असते तर मृत्यू घटले असते. दोन्ही झाले नाही.

झाले ते असे: बारीक, निरुपद्रवी थायरॉइड कॅन्सर असंख्य लोकांच्या गळ्यात आयुष्यभर असतात आणि ते त्यांना घेऊनच इतर कारणांनी मरतात. शवविच्छेदनात बारकाईने शोधले तर एक तृतीयांश प्रौढांत ते सापडू शकतात. सोनोग्राफीने हा साठा उघडा पाडला. निदान झालेल्या जवळजवळ प्रत्येकावर शस्त्रक्रिया झाली आणि अनेकांची संपूर्ण ग्रंथी काढली गेली. त्यांना जन्मभर गोळी लागली. सुमारे ११ टक्क्यांच्या शरीरातले कॅल्शियमचे नियंत्रण बिघडले, २ टक्क्यांच्या स्वरतंतूंना इजा झाली. २०१४ मध्ये कोरियातल्याच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीरपणे या सोनोग्राफीला विरोध केला, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. ‘साथ’ ओसरली ती औषधाने नव्हे, सोनोग्राफीचे यंत्र गळ्यापासून दूर ठेवल्याने.

याला अतिनिदान म्हणतात: खरा रोग, खरी बायोप्सी, अचूक रिपोर्ट, तरीही त्या माणसाला कधीच त्रास न देणारा. जपानमध्ये सहा महिन्यांच्या बाळांच्या लघवीची तपासणी करून न्यूरोब्लास्टोमा हा कॅन्सर शोधण्याचा कार्यक्रम १९८० च्या दशकात देशभर सुरू झाला. रुग्णसंख्या वाढली. पण कॅनडातील क्यूबेक आणि जर्मनी येथील अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवून दिले की अशा तपासणीने या कॅन्सरने होणारे मृत्यू घटत नाहीत. सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप विरघळणाऱ्या असतात. २००३ मध्ये जपानने कार्यक्रम थांबवायचे ठरवले. चालू, लोकप्रिय कार्यक्रम चुकीचा ठरला म्हणून बंद करण्याची हिंमत सरकारे क्वचितच दाखवतात, म्हणून या निर्णयाची नोंद घ्यायला हवी.

लोकप्रियतेचे कोडेही इथेच सुटते. अतिनिदान झालेला माणूस बरा होतोच, कारण त्याला मारणारा रोग त्याला नव्हताच. पण तसे त्याला कोणीच सांगू शकत नाही. ‘वेळेवर तपासणी केली म्हणून वाचलो’ असे तो मनापासून सांगतो आणि त्याचे ऐकून आणखी दहा जण तपासणीला जातात. ब्रिटनमधील अँजेला रॅफल आणि म्युर ग्रे यांनी हा विरोधाभास मांडला: तपासणीने अतिनिदान जितके जास्त होईल, तितके तिचे ऋण मानणारे वाढतात. तपासणीचा बळी आणि तपासणीचा प्रचारक एकाच देहात नांदतात. वैयक्तिक अनुभव इतर अनेक बाबतींत मोलाचा असतो; या प्रश्नात तो साक्षीला उभा करता येत नाही.

मग उरतो एकच मार्ग. हजारो निरोगी माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला तपासणी द्यायची, दुसऱ्याला नेहमीची सेवा, आणि वर्षानुवर्षे दोन्ही गटांतले मृत्यू मोजायचे. किती रोग सापडले हे मोजायचे नाही, निदानानंतर कोण किती जगले हेही नाही. मृत्यूंच्या मोजणीवर निदानाच्या तारखेचा परिणाम होत नसल्याने वरच्या तिन्ही फसगती या पद्धतीत गळून पडतात.

सर्वसाधारण आरोग्यतपासणीची अशी परीक्षा अनेकदा झाली आहे. कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात सतरा चाचण्यांतील अडीच लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली गेली. तपासणीला बोलावलेल्यांमध्ये एकूण मृत्यू घटले नाहीत आणि कॅन्सरचे मृत्यूही घटले नाहीत. डेन्मार्कमधील सुमारे साठ हजार लोकांच्या अभ्यासात तपासणीबरोबर आहार, व्यायाम आणि धूम्रपान यांविषयी समुपदेशनही होते. दहा वर्षांनंतर हृदयविकाराच्या प्रमाणात फरक दिसला नाही. निष्कर्ष अनेकांना पटत नाही, पण त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. तपासणीला स्वतःहून येणारे लोक आधीच अधिक निरोगी आणि सजग असतात. ज्यांना खरोखर धोका आहे त्यांचा रक्तदाब किंवा साखर फॅमिली डॉक्टरांनी, ते इतर कारणाने आलेले असतानाच, पाहिलेली असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या चाचण्या युरोप-अमेरिकेतल्या, काही तर बऱ्याच जुन्या. ज्या गावात डॉक्टरच नाही तिथे त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. पण या आक्षेपाने ‘चेकअप पॅकेज’चा बचाव होत नाही. पॅकेज घेणारे पुण्या-मुंबईतले नोकरदार आणि निवृत्त लोक डॉक्टरांच्या पोहोचेबाहेरचे नाहीत. डॉक्टर जवळ असण्याच्या बाबतीत त्यांची स्थिती डेन्मार्कच्या नागरिकाच्या जवळची आहे, दुर्गम पाड्यावरच्या माणसाच्या नव्हे.

पॅकेजचे गणितही पाहण्याजोगे आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर आकड्याशेजारी जी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते, ती बऱ्याच चाचण्यांत निरोगी माणसांच्या मोठ्या गटाचे आकडे घेऊन त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. याचाच अर्थ शंभर निरोगी माणसांतली पाच त्या मर्यादेबाहेर पडणार हे मर्यादा आखतानाच ठरलेले असते. अशा वीस स्वतंत्र चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर किमान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे असतात. ते एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसल्याने हिशेब तंतोतंत तसाच लागत नाही, पण सगळे आकडे मर्यादेत असलेला रिपोर्ट हीच दुर्मीळ गोष्ट ठरते. जाहिरातीत ‘७२ चाचण्या’ हा गुण म्हणून सांगितला जातो. गणिताच्या दृष्टीने तो दोष आहे.

कॅन्सर ‘ओळखणाऱ्या’ रक्तचाचण्यांचे तर याहून अवघड. हजारात एकाला असलेला रोग शोधायचा आहे आणि चाचणी निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा अचूक ‘निरोगी’ म्हणते, असे धरले तरी हजार जणांत सुमारे पन्नास निरोगी माणसे संशयित ठरतात आणि खरा रुग्ण एकच असतो. ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट हातात आलेल्या माणसाला तो रोग असण्याची शक्यता दोन टक्के. हे त्याला रिपोर्टसोबत कोणी सांगत नाही. त्याला सांगितले जाते ते सी.टी. स्कॅन, मग दुसरा स्कॅन, मग बायोप्सी. स्वस्त पॅकेज आणि मोफत शिबिर व्यवसाय म्हणून कसे परवडते, याचे उत्तर या साखळीत आहे. प्रत्येक रुग्णालय वाईट हेतूने शिबिर भरवते असे नाही; पण हेतू चांगला असला तरी साखळी तशीच चालते.

इथवरच्या विवेचनातून सगळ्याच चाळणी तपासण्या व्यर्थ असा अर्थ निघाला तर तो चुकीचा ठरेल. नवजात बाळाच्या टाचेतले रक्ताचे चार थेंब तपासून थायरॉइडची जन्मजात कमतरता ओळखली, तर साध्या गोळीने त्या मुलाचा मेंदू वाचतो. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधणे ही तर कदाचित वैद्यकातली सर्वांत उपयुक्त तपासणी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांतील उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक निघाले. लक्षणे नाहीत, चाचणीला दोन मिनिटे, औषधे स्वस्त, आणि औषधांचा उपयोग नि:संशय. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी खोट्या गोळीच्या गटात २७ जणांना गंभीर घटनांना तोंड द्यावे लागले, औषधाच्या गटात दोघांना. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात वारंवार मिळत नाही.

पण चाळणी तपासणीचा सर्वांत बोलका इतिहास महाराष्ट्रातच घडला आहे, आणि राज्यातल्या बहुतेकांना तो माहीत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर विल्सन-युंगनर यांच्या कसोट्यांना जणू मुद्दाम उतरावा असा रोग आहे. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग हे त्याचे कारण. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत निघून जातो. थोड्यांत तो टिकतो आणि कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. एवढ्या अवधीत बिघडलेल्या पेशी ओळखून, गोठवून किंवा जाळून काढता येतात. भारतात या रोगाने वर्षाला सुमारे ऐंशी हजार स्त्रिया मरतात. श्रीमंत देशांनी पॅप स्मीअरने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, हे मृत्यू घटवले, पण त्यासाठी प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि स्त्रीला पुन्हा पुन्हा बोलावण्याची यंत्रणा लागते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये शहरातल्या झोपडपट्ट्यांत याहून साधी पद्धत आजमावायला घेतली. गर्भाशयमुखाला पातळ असेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरच्याच जातीचा द्रव, लावायचे आणि मिनिटभराने दिव्याच्या उजेडात पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हे काम डॉक्टरांकडे नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन ते सोपवले होते. वस्त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी झाली, उरलेल्यांना या कॅन्सरची माहिती दिली गेली. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या निकालानुसार या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पंधरा वर्षांच्या कामातून आलेला हा आकडा कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय मिळवलेला आहे.

त्याच सुमारास तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने दुसरी चाचणी चालू होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट: एकाला एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप स्मीअर, एकाला व्हिनेगरची तपासणी, एकाला नेहमीची सेवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो गट आणि नेहमीच्या सेवेचा गट यांत ३४ विरुद्ध ६४ मृत्यू झाले. पॅप स्मीअर आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईत चार फेऱ्यांनी साधले ते मराठवाड्यात एका फेरीने साधले नाही. तपासणी ‘उपयोगी’ की ‘निरुपयोगी’ हे तिच्या नावावरून कळत नाही. ती कोण करतो, किती वेळा करतो आणि पांढरा डाग दिसल्यावर पुढे काय होते यावर ते ठरते. या दोन्ही अभ्यासांत मोजलेले होते ते मृत्यू, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आहे.

या ज्ञानाची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवे. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल येथे झालेल्या अशा तीन चाचण्यांत तपासणी न मिळालेल्या गटांतील अडीचशेच्या वर स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने दगावल्या. तपासणीने हा रोग टळतो हे इतर देशांत दिसलेले असताना तुलनेचा गट तपासणीविना ठेवणे योग्य होते का, आणि त्या स्त्रियांची संमती पुरेशी माहिती देऊन घेतली होती का, यावर पुढे जोरदार वाद झाला. संशोधकांचे म्हणणे होते की या वस्त्यांत आणि गावांत तपासणी तशीही कोणाला मिळत नव्हती, आणि भारतात झेपेल अशा पद्धतीचा उपयोग सिद्ध झाल्याशिवाय सरकार ती स्वीकारणार नाही. पहिला मुद्दा खरा आहे, पण तो समर्थन म्हणून पुरेसा नाही. वंचिततेचा आधार घेऊन वंचिततेचाच गट बनवण्यात काहीतरी खटकतेच. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. मात्र तो तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा सिद्ध झालेली गोष्ट पुढे अमलात येते.

स्तनाच्या कॅन्सरचा निकाल इतका सरळ नाही. टाटा मेमोरियलच्या त्याच मुंबईतील प्रयोगात प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत होत्या. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याहून तरुण स्त्रियांत फायदा दिसला नाही. पॅकेजमध्ये पस्तिशीतल्या, लक्षणे नसलेल्या, घराण्यात हा रोग नसलेल्या स्त्रीला मॅमोग्राफी ‘भेट’ देणाऱ्यांनी हा निकाल वाचलेला दिसत नाही.

तोंडाच्या कॅन्सरचेही असेच. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे एक लाख नव्वद हजार लोकांच्या चाचणीत तोंडाची नुसती नजरेने केलेली तपासणी सर्वांना दिली तेव्हा फायदा निर्विवाद दिसला नाही. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांपुरते पाहिले तेव्हा मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले दिसले. मशेरी लावणाऱ्या, गुटखा आणि तंबाखू-चुना मळणाऱ्या लोकांच्या राज्यात या निष्कर्षाला फार मोठा अर्थ आहे. तीच तपासणी एकाला जीवदान आणि शेजारच्याला निव्वळ चिंता देऊ शकते. पॅकेज ग्राहकाचे खिसे पाहून बनते, त्याचा धोका पाहून नव्हे. त्याचा मूळ दोष तोच आहे.

सरकारी धोरणातही ही विसंगती आहे. जुन्या करप्रणालीत आयकर कायद्याखाली प्रतिबंधक आरोग्यतपासणीवरचा पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च करसवलतीला पात्र ठरतो, आणि त्यासाठी कोणती तपासणी उपयोगाची ठरली आहे हे कोणी विचारत नाही. दुसरीकडे, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी करायची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१६ मध्येच काढली. कागदावर ती बहुतांशी पुराव्याला धरून आहेत. गर्भाशयमुखासाठी व्हिनेगरचीच पद्धत त्यांत आहे, जी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या स्त्रियांनी सिद्ध करून दिली.

प्रत्यक्षात २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात कधीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. उस्मानाबादचा निकाल येऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० सालासाठी ठेवलेले लक्ष्य ७० टक्क्यांचे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. आजच्या मुलींसाठी ती मोठीच सोय आहे, पण आज तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रियांचे रक्षण लसीने होण्यासारखे नाही. त्यांच्यासाठी तपासणीच हवी.

तेव्हा या वर्षी घरातल्यांच्या आरोग्यावर खर्च करायचे ठरवलेल्या वाचकाने पॅकेजची यादी बाजूला ठेवावी. घरातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजून घ्यावा, तंबाखू खाणाऱ्याचे तोंड दाखवून आणावे आणि तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी, घरात कामाला येणाऱ्या बाईंसह, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करावी. आरोग्य केंद्रात ती होत नसेल, तर का होत नाही हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारावे.